आरोपी क्रमांक तेवीस

मी गुन्हेगार आहे हे मला मोबाइलवर कळलं. जेवणाची सुट्टी होती, डबा उघडलेला होता आणि वांग्याच्या भाजीत पोळीचा तुकडा बुडवून मी तोंडाकडं नेत होतो, तेवढ्यात मेसेज आला. चारित्र्य पडताळणीचा अर्ज. गुन्हा नोंद आहे, प्रकरण न्यायालयात प्रलंबित. तुकडा शर्टावर पडला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "तिखट लागलं काय?" मी म्हटलं, "हो." बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कारवाईला घाबरून दिलेला माझा तो पहिला खोटा जबाब.

एका सरकारी कार्यालयात नऊ वर्षं मी कंत्राटी ऑपरेटर. कंत्राटी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. दर अकरा महिन्यांनी मला काढून टाकत आणि एक दिवस मोकळा सोडून परत घेत. त्या एका दिवशी ऑफिसचं सगळं काम बंद पडायचं, तरी मी तात्पुरताच. आता शेवटच्या परीक्षेत कनिष्ठ लिपिक म्हणून नाव लागलं होतं. कायम. वयाची मर्यादा संपायला चार महिने राहिलेले, म्हणजे ही गाडी सुटली तर पुढची नाही. तीस दिवसांत रुजू व्हायचं, सोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जोडायचा.

या देशात खून-दरोड्याचे गुन्हे अंगावर असलेला माणूस निवडणुकीचा फॉर्म भरतो, निवडून येतो आणि आपल्याला कायदे करून देतो. त्याला कोणी अडवत नाही. मला फक्त कागदांना टाचण्या मारायच्या होत्या, तर माझं चारित्र्य धुतल्या तांदळासारखं पाहिजे! हे मी ऑफिसात मोठ्यानं बोललो. साहेब म्हणाले, "हळू बोला, आधीच एक गुन्हा आहे."

घरी आलो. बायकोला, पौर्णिमाला, मोबाइल दाखवला.

"कोनता गुन्हा केला तुमी?" ती म्हणाली. "घरात पाल निंघाली तं तुमी खुर्चीवर चढता."

"रास्ता रोको," मी म्हणालो. आवाजात जरा अभिमान आला, खोटं कशाला बोलू.

"तो? बाप्पा! त्याच्यापाई तं माह्या बाबानं तुमाले पोरगी देल्ली. म्हने, नौकरी नाही तं नाही, पोट्टा चळवळीतला हाय."

ओसरीवरून माझ्या बापानं, पुंजाजीनं, आवाज दिला, "काय झालं रे?"

"बाबा, तो फाट्यावरचा जुना गुन्हा निंघाला."

म्हातारा काठी टेकत आत आला. चेहरा उजळलेला. "निंघाला? म्हंजे अजून हाय नं कागदावर? वा रे माह्या वाघा!"

आता जे झालं होतं ते सांगून टाकतो. कोर्टात सगळं निघालंच आहे, इथं झाकून काय उपयोग.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या फाट्यावर एसटी थांबत नव्हती. आधीच्या थांब्यावर, मेडशीला, उतरायचं आणि तिथून उन्हातान्हात पायी यायचं. म्हणून जगदेवरावांनी रास्ता रोको ठरवला. जगदेवराव आमच्या गावचे नेते. पाऊस कमी पडला तर निवेदन, जास्त पडला तरी निवेदन. सकाळी अकरा ते एक गाव रस्त्यावर बसलं. दोन्हीकडं ट्रक, एसट्या, एक लग्नाची गाडीसुद्धा अडकली.

आणि मी? मी वाशीमला टायपिंगच्या परीक्षेला बसलो होतो.

परीक्षा आधी दोनदा नापास झालेलो. बाप प्रत्येक वेळी गावभर सांगायचा की पोरगा परीक्षेला गेला, आणि प्रत्येक वेळी गावभर तोंड लपवत मी फिरायचो. म्हणून तिसऱ्यांदा कोणाला न सांगता, पहाटेच निघून गेलो होतो. मशीन मिळालं ते असं की एक कळ दाबली की दोन दांड्या वर येऊन एकमेकींना मिठी मारायच्या. तिसऱ्यांदाही काय होणार, ते तिथंच कळलं. (पास झालो तो पुढं, कॉम्प्युटरवर.)

तीनच्या सुमारास फाट्यावर उतरलो; पोलिसांची गाडी पाहून त्या दिवशी एसटी थांबली होती. आंदोलन संपलेलं. जगदेवराव निवेदन द्यायला आगारात गेलेले, तिथं त्यांना चहा मिळाला होता. बाभळीखाली गोविंदा हवालदार गाडीच्या टपावर कागद ठेवून नावं लिहीत होते. पोलीस नावं लिहायला लागले की माणसं पळतात, हे बाकीच्या जगात. आमच्याकडं उलटं. हवालदाराच्या खांद्यावरून एका पेपरचा वार्ताहर तीच यादी उतरवून घेत होता आणि उद्या ती छापून येणार होती. त्यामुळं हवालदाराभोवती रेशन दुकानासारखी झुंबड. "साहेब माहं लिवा!" "बापाचं नाव बी टाका!" "माहं वरतं घ्या, मी पह्यला बसलो होतो!"

मी पाहिलं, किशनचं नाव गेलं. किशनभाऊ म्हणजे आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी. हा माणूस रस्त्यावर बसला तो सावली पडते म्हणून. त्याचं नाव पेपरात येणार आणि माझं नाही? माझं डोकं तापलं. तीनदा नापास होणाऱ्या माणसाला कुठंतरी छापून यावंसं वाटतं.

मी घुसलो. "साहेब, उत्कर्ष पुंजाजी पडघान. लिहा."

गोविंदा हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. हातात पिशवी, पायात बूट, शर्ट इस्त्रीचा. "तू तं आताच बसमधून उतरला की बाबू."

"म्हणून काय झालं? मनानं मी इथंच होतो."

"मनानं असनाऱ्याले गुन्हा लागत नाही."

"मग लावा! हा अन्याय आहे! तुम्ही जात पाहून नावं लिहिता काय?"

हवालदार बिचारे घाबरले. ते सगळ्यांचीच नावं लिहीत होते. मी असा ओरडलो की त्यांनी निमूटपणे तेविसावं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला. चौदा नावं छापली होती आणि पुढं 'इत्यादी'. वर्तमानपत्रात मी इत्यादी झालो, सरकारदफ्तरी मात्र बापाच्या नावासकट, पूर्ण पत्त्यासह.

घरी बापानं विचारलं, "कुठी होता दिवसभर?" मी म्हटलं, "फाट्यावर." एवढंच म्हटलं. पुढचं सगळं त्यानं केलं. पहिल्या वर्षी मी एसटीसमोर उभा होतो. दुसऱ्या वर्षी बसलो. माझ्या लग्नापर्यंत मी चाकाखाली मान दिली होती. अलीकडं तर ड्रायव्हर रडत खाली उतरतो आणि मला उठवून पाणी पाजतो.

तर असा हा गुन्हा.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या गावात माणूस आजारी पडला तर बघायला येत नाहीत, पण कागदात अडकला की रांग लागते. किशनभाऊ पहिला. पायरीवर बसला, सुपारी काढली.

"नौकरीच्या साक्षांकन फारमात गुन्हा हाय काय म्हून इचारलं ना? 'नाही' लिही. कोन पाहून राह्यलं?"

"पोलीसच पाहतात, किशनभाऊ. त्यासाठीच फॉर्म आहे."

"मंग नाव बदल. गॅझेटात देऊन टाक. उत्कर्षचं उत्तम कर."

आतून पौर्णिमा बाहेर आली. "किशनभाऊ, यायनं नाव बदललं तं मार्कलिस्टवरचा उत्कर्ष कोन? त्याले मी सोडचिठ्ठी देऊ काय?"

एकानं सांगितलं, जऊळक्याला एक जण असे गुन्हे कॉम्प्युटरवरून पुसून देतो. एकानं सांगितलं, अकरा वर्षांनी गुन्हा आपोआप मरतो, औषधासारखी त्याची तारीख संपते. मी संतापून म्हटलं, "गुन्हा मेला असता तर मला मेसेज कसा आला असता?" तो म्हणाला, "मंग आत्मा असंल." अशा माणसांत मी बेचाळीस वर्षं काढली.

शेवटी वकील गाठला. उदयसिंग वकील. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल, टेबलाचा एक पाय विटेवर. त्यांनी दोषारोपपत्राची नक्कल काढली. बेकायदेशीर जमाव, वाहतुकीला अडथळा, आणि आरोपी क्रमांक तेवीस : मी. मागं समन्सचे अहवाल जोडलेले. चार वेळा समन्स निघालं होतं आणि चारही वेळा शेरा एकच : आरोपी गावी मिळून आला नाही.

"मिळून आलो नाही?" मी टेबलावर हात आपटला. वीट सरकली. "अकरा वर्षं मी रोज त्याच घरात झोपतो! हे असले खोटे शेरे मारणाऱ्यांना..."

"खाली पंचाची सही पाहा भाऊ," उदयसिंग वकील शांतपणे म्हणाले.

पाहिली. चारही ठिकाणी : किशन. यादीतला हा आरोपी स्वतःचा दंड भरून कधीच मोकळा झाला होता, हे मला वकिलांकडून कळलं.

घरी जाऊन पायरीवरच त्याला धरला. त्याला मुळीच लाज नव्हती. "पोलीस आला की काय सांगतात? गावात नाही. माह्या बापानं असंच सांगतलं, त्याच्या बापानं बी असंच. एकडाव पुन्याले पाठोलं तुले, एकडाव सुरतले, एकडाव तं म्या तुही बायको रडतानी दाखोली."

"रडत नोती मी," पौर्णिमा म्हणाली, "कांदा कापत होती."

"उपकार केला म्या!" किशनभाऊ उलट माझ्यावरच चढला. आमच्या गावात हे खरंच आहे. खाकी कपडा दिसला की समोरचा माणूस पुण्याला गेलेला असतो. पोस्टमनसुद्धा खाकीत आला तर त्याला एखादेवेळी हेच ऐकावं लागतं. लोकांनी प्रेमानं मला फरार करून ठेवलं होतं.

उदयसिंग वकिलांनी रस्ते सांगितले. "गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका दिवसात मोकळे. पर शिक्षा लागली अशी नोंद ऱ्हाईन, नोकरीचं मंग तुमचं तुमी पाहा. दुसरं, आंदोलनाचे गुन्हे शासन मागं घेते कधी कधी. त्याले अर्ज पाहिजे, आंदोलन ज्यानं केलं त्याचा. नाहीतं मंग लढा."

शासनानं मागं घ्यावं हे मला आवडलं. त्यात शासनाची मान खाली जाते. मी जगदेवरावांकडं गेलो.

जगदेवरावांच्या दारात भलं मोठं बॅनर. 'जनतेसाठी गुन्हे अंगावर घेणारा लढवय्या'. येत्या निवडणुकीला तिकीट मागून राहिले होते, आणि तिकिटाचा सगळा जोर याच गुन्ह्यावर. अकरा वर्षं या माणसानं त्या केसवर भाषणं केली होती. मी अर्जाचं बोललो तर त्यांचा चेहराच पडला.

"मांगं घ्याचा? उत्कर्ष, लेका, गुन्हा हे आपलं सोनं हाय. सोनं कोनी वापस करते काय?"

"दादा, तुमचं सोनं असेल, माझ्या गळ्याला फास आहे. सही करा."

"आन तो कागद. पाहू दे."

दोषारोपपत्र दिलं. चष्मा लावून ते यादी वाचायला लागले. बोट एकवरून निघालं, तेवीसवर थांबलं, शेवटी बेचाळीसपर्यंत गेलं. पुन्हा वर आलं. पुन्हा खाली. मग त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथं कोरं होतं.

यादीत जगदेवराव नव्हतेच. नावं लिहिली तेव्हा ते आगारात चहा पीत होते ना.

मला हसू आवरेना, पण त्यांच्या डोळ्यात पाणी आलेलं पाहून आवरलं. माणूस खरोखर खचला होता. दार लोटून घेत हळूच म्हणाले, "अध्यक्षायनं तिकिटासाठी गुन्ह्याची नक्कल मांगली. उत्कर्ष, आता नाव टाकता येते काय रे?"

दुसऱ्या दिवशी लिंबाखालच्या टेबलासमोर आम्ही दोघं शेजारीशेजारी बसलो. एकाला नाव काढायचं होतं, दुसऱ्याला घालायचं. उदयसिंग वकिलांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"जगदेवराव, वीस साल झाले वकिली करून राह्यलो. आरोपी व्हायले आलेला पह्यला पक्षकार तुमी."

"माहं काम करून द्या साहेब. मी सोता जबानी देतो, मीच मुख्य होतो म्हून."

"अन् तुमच्या अर्जानं याचा गुन्हा मांगं घ्याचा?"

"तो नाही! मांगं घेतला तं माह्यापाशी काय राह्यलं?"

झालं. जो तिथं होता त्याचं नाव नाही, जो नव्हता त्याचं आहे, आणि जो होता तो सही देईना. मी तिथल्या तिथं जगदेवरावांना जे बोललो ते इथं लिहीत नाही. वकिलांनी टेबल धरून ठेवलं होतं.

"लढा," उदयसिंग वकील म्हणाले. "पर आधी जामीन घ्या. तुमी फरार आहा."

जामिनाला जामीनदार लागतो, जमिनीचा सातबारा असलेला. बापाच्या नावावर पावणेदोन एकर. मला त्याला कोर्टात न्यायचं नव्हतं. म्हाताऱ्यानं उलट पहाटे चारलाच अंघोळ केली. पांढरं धोतर, निळा फेटा, सातबाऱ्याची सुरळी रुमालात. एसटीत चढला आणि पहिल्या सीटपासून सांगत सुटला.

"पोट्ट्याचा जामीन द्याले चाल्लो. लय मोठा गुन्हा हाय. गाडीखाली झोपला होता."

एक बाई हळहळली, "अगं माय! जीव द्याले?"

"जीव द्याले कायले? हक्कासाठी!"

कंडक्टरनं माझ्याकडं संशयानं पाहिलं आणि दाराची कडी लावून घेतली.

जामीन झाला. न्यायाधीश मॅडमनी बाकीच्या फरार मंडळींपासून माझा खटला वेगळा काढला, कारण नियुक्तीची मुदत होती. ऑफिसनं कसेबसे तीस दिवस वाढवून दिले. साक्षीदार एकच जिवंत आणि सापडणारा : गोविंदा हवालदार, निवृत्त.

त्याच रात्री उदयसिंग वकिलांचा फोन. "भाऊ, तुमच्यापाशी त्या दिवसाचा काही कागद हाय काय? तुमी कुठी होते त्याचा?"

होता. पेटीच्या तळाशी. परीक्षेचं प्रवेशपत्र, त्यावर तारीख, वेळ आणि पर्यवेक्षकाची सही. आणि त्याला टाचलेली गुणपत्रिका. ती पेटी उघडताना पौर्णिमा मागं येऊन उभी राहिली, तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. ती खाटेवर बसली. गुणपत्रिका वरून खालपर्यंत वाचली.

"म्हंजे तुमी तथी नोतेच."

"नव्हतो."

"अन् नापास बी झाले."

"झालो."

"म्हंजे माह्या बाबानं मले चळवळीतल्याले नाही, नापास टायपिंगवाल्याले देल्लं."

मी मान खाली घातली. ती तोंडाला पदर लावून रडते आहे असं वाटलं. जवळ गेलो तर हसून हसून खाट हलत होती. मग एकदम थांबली. "बाबायले कसं सांगसान?"

तेच तर होतं. दाखला पाहिजे, नोकरी पाहिजे, दोन लेकरांची शाळा आहे. पण सुटायचं तर मी तिथं नव्हतो हे भर कोर्टात सिद्ध करायचं, आणि वर नापासाचा कागद पुरावा म्हणून द्यायचा. सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याला गावात आयुष्यभर कोणी खुर्ची दिली नव्हती. अकरा वर्षांपासून मात्र चहाच्या टपरीवर लोक सरकून जागा देत, कारण तो चाकाखाली मान देणाऱ्याचा बाप होता. माझी नोकरी लागली की त्याची ती जागा जाणार होती.

मी भ्याडपणा केला. साक्षीची तारीख त्याला एक आठवडा पुढची सांगितली.

तारखेला कोर्टात शिरलो आणि मागच्या बाकावर निळा फेटा. शेजारी किशनभाऊ. त्यानंच आणलं होतं. मी डोळ्यांनी विचारलं, का? तो तिथूनच म्हणाला, "तारीख चुकली होती तुही, म्या वकिलाले इचारून घेतलं." शिपायानं त्याला गप्प केलं.

गोविंदा हवालदार पिंजऱ्यात आले. धोतरावर जुनाच खाकी स्वेटर. सरकारी वकिलांनी यादीवरची सही दाखवली. सही माझीच, ते म्हणाले. नावं लिहिली? लिहिली. तेवीस नंबरचं? लिहिलं. सरकारी वकील बसले.

उदयसिंग वकील उठले, पण बोलायच्या आधी माझ्याजवळ वाकले. "इचारू काय? बाबा बसले हायेत मांगं."

मी मागं पाहिलं. म्हाताऱ्यानं काठीवर दोन्ही हात ठेवून हनुवटी टेकवली होती, आता माझी कथा सरकारी माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणार म्हणून. मला सगळ्यांचा राग आला. पेपरचा, एसटीचा, टायपिंगच्या मशीनचा आणि त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाभळीखाली ओरडणाऱ्या त्या मूर्खाचा.

"विचारा," मी म्हणालो.

"हवालदारसाहेब, रस्ता अडोला तवा, बारा वाजता, हा माणूस तथी होता?"

"नोता."

"मंग नाव कसं आलं?"

गोविंदा हवालदार मॅडमकडं वळले. "मॅडम, खरं सांगतो. हा तीन वाजता बसमधून उतरला. म्हने माहं नाव लिवा. म्या म्हनलं बाबू, तू नोता. तं म्हने, मनानं होतो. म्या नाही म्हनलं तं भांडला, मले म्हने तुमी जात पाहून लिवता. माही नौकरी जाईन म्हून लिवलं. तवाच चूक झाली माही."

कोर्टात खसखस पिकली. मॅडमनी चष्मा खाली घेतला. "मनानं होतो, असं म्हणाला?"

"हो मॅडम. याच शब्दात."

"घ्या," मॅडम टायपिस्टला म्हणाल्या. टायपिस्टनं माझं मन सरकारी भाषेत, एका दमात, एकही चूक न करता टाइप केलं. मला त्या पोरीच्या वेगाचा हेवा वाटला.

मग प्रवेशपत्र गेलं, गुणपत्रिका गेली. मॅडमनी ती वाचली. "मिनिटाला सतरा शब्द?"

"मशीन खराब होतं, मॅडम."

"पाहिजे होते किती?"

"तीस."

तो आकडा अख्ख्या जिल्ह्यानं ऐकल्यासारखं मला वाटलं. मागं पाहायची हिंमत झाली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल. सरकार पक्ष पुरावा देऊ शकला नाही, निर्दोष मुक्त.

नोकरी लागली, हे आत्ताच सांगून टाकतो. मुदत संपायला दोन दिवस असताना रुजू झालो. निकालाची प्रत जोडली, तरी दाखल्यासाठी तीन चकरा झाल्या, आणि माझ्या टेबलावर पहिलंच काम आलं ते तीनशे पानांचं टायपिंग. जगदेवरावांना तिकीट मिळालं नाही. त्यांनी आता फाट्यावर नवीन रास्ता रोको ठेवलाय आणि आधीच ठाण्यात जाऊन स्वतःचं नाव लिहून आले.

पण त्या दिवसाचं राहिलं.

कोर्टाबाहेर एक रसवंती होती. आम्ही तिघं बाकावर बसलो. घुंगराचा आवाज, उसाचा चोथा, माश्या. बाप गप्प. किशनभाऊसुद्धा गप्प, म्हणजे पाहा. रसाचे ग्लास आले. बापानं ग्लास हातात धरला, प्याला नाही.

"सतरा?" तो म्हणाला.

"हो."

"एका मिन्टात?"

"हो, बाबा."

"मले तं अंगठ्याशिवाय काही येत नाही," तो म्हणाला. "सतरा काय कमी झाले?"

मी माफी मागणार होतो, खरंच मागणार होतो. तेवढ्यात बाजाराला आलेला आमच्याच गावचा लखमा रस्ता ओलांडून आला. "कावो पुंजाजीबुवा, काय झालं केसचं?"

किशननं माझ्याकडं पाहिलं. मी बापाकडं. म्हाताऱ्यानं फेटा नीट केला, पाठ सरळ केली.

"काय व्हते? सुटला. अकरा साल पोलीस मांगं लागले होते. एक पुरावा लागू देल्ला नाही पोट्ट्यानं!"

"असं काय?"

"म्या सोता होतो तथी," किशनभाऊ पुढं सरकला. "हवालदार घामाघूम! आखरीले मॅडमनंच हात जोडले."

लखमा माझ्याकडं अशा नजरेनं पाहायला लागला की मला राहवेना. "लखमाभाऊ, तसं नाही..." मी तोंड उघडलं.

बाकाखाली बापाच्या काठीचं टोक माझ्या पायाच्या बोटांवर आलं आणि तिथंच रुतलं.

"रस पी," बाप म्हणाला. "बरफ इतळून राह्यला."